मतदार नोंदणीच्या टेबलावर पहिल्यांदाच बसतोयस?

अरे वा, बस की! सगळं पहिल्याच दिवशी यायला हवं असं काही नाही. फॉर्म ६ आणि फॉर्म ८ मधला फरक तेवढा पक्का कर, निम्मं काम तिथेच होतं. यादीत नाव पहिल्यांदाच घालायचं असेल तर ६. पत्ता बदललाय किंवा नावात चूक आहे, तर ८. पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचं नाव गावच्या यादीत असतं, आणि आपला उत्साही स्वयंसेवक त्याच्याकडून ६ भरून घेतो. झालं, नाव दोन ठिकाणी! म्हणून आधी विचारायचं, "आधी कुठे नाव आहे का?" १७ पूर्ण झालेल्यांनाही परत पाठवू नकोस, त्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

बाकी एवढंच सांभाळ:
- कुणाच्या आधार कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही.
- एनएसएसचा (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा) बिल्ला लावून कुठल्याही पक्षाच्या सभेला जायचं नाही. पक्षाचं काम करायचंय? खुशाल कर, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या शर्टात.
- "मत कुणाला देऊ?" असं विचारणाऱ्या आजोबांना हसून चहा द्यायचा.

एनएसएसच्या सेवेचे वर्षाचे १२० तास भरतील रे, त्यांचा हिशोब आत्ताच नको. बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा, नंबर मात्र आजच घेऊन ठेव.