वाचकांचे प्रश्न: तिकडचा पासपोर्ट आणि इकडचा सातबारा

या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं परदेशातल्या पीआर आणि सिटिझनशिपबद्दल आलीत, सिंधुदुर्गातून तर ढीग आहे. त्यातली तीन घेतलीयेत. नावं छापत नाही, घरातले विषय आहेत.

प्रश्न (देवगड): मुलगा कॅनडात आहे, आधी शिकायला गेला, मग नोकरी लागली, आता पीआर होऊन अडीच वर्षं झाली. सिटिझनशिपचा फॉर्म भरतो म्हणतोय. आमची हापूसची बाग आहे, कलमं माझ्या वडिलांनी लावलेली, आणि हा एकुलता एक. उद्या त्याचं नाव सातबाऱ्यावर लागेल ना? शेजारची वीस गुंठे विकायला निघालीयेत, ती पण त्याच्याच नावावर घेऊन टाकावी असं मनात आहे.

उत्तर: काका, इसार दिला नसेल तर देऊ नका, आधी हे वाचा. तुमचा मुलगा आज भारताचाच नागरिक आहे. पीआर म्हणजे तिथं कायम राहायची आणि काम करायची परवानगी, तेवढंच, पासपोर्ट आपलाच. पण तो राहतो तिकडे म्हणजे फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने एनआरआय, परदेशात राहणारा भारतीय, झाला, आणि एनआरआयला इथली शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. म्हणजे सिटिझनशिप लांबच राहिली, ती वीस गुंठे आजसुद्धा त्याच्या नावावर होणार नाहीत. बक्षीसपत्राने शेतजमीन दिलेलीही चालत नाही, आणि हे भल्याभल्यांना माहीत नसतं. घर, फ्लॅट, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट यांना अडचण नाही. जागा हवीच असेल तर तुमच्या नावावर घ्या, तुम्ही शेतकरी आहात आणि इथेच राहता, तुम्हाला कोण अडवतंय.

वारसाहक्काने मात्र बाग त्याला मिळते, आज एनआरआय म्हणून मिळते आणि उद्या कॅनडाचा नागरिक होऊन ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते, घेतलं तरी मिळते. तुमच्या पश्चात नाव लागायला कायद्याची आडकाठी नाही. पुढे विकायची झाली तर घेणारा भारतात राहणारा भारतीय हवा आणि महाराष्ट्रात तो शेतकरीही असावा लागतो, एवढं त्याला सांगून ठेवा.

आता खरी काळजीची गोष्ट. कलमं वडिलांनी लावलेली असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारतो, सातबारा अलीकडे कधी काढून बघितलाय का? आपल्याकडे बाग कसणारा एक आणि उताऱ्यावर वडील, दोन काका, मुंबईतल्या आत्या, वारलेली माणसंसुद्धा तशीच, सगळं सामाईकात, असं घरोघरी आहे. तुम्ही गावात आहात, तलाठ्याकडे जाऊ शकता, चुलत भावंडांना गणपतीत एकत्र बसवू शकता, तुमचा शब्द चालतो. हे सगळं तुमच्या मागे त्या मुलाने टोरंटोतून करायचं म्हणजे कॉन्सुलेटकडून अटेस्ट केलेलं मुखत्यारपत्र पाठवायचं आणि ज्यांना तो लग्नात एकदा भेटलाय अशा माणसांच्या सह्या मागायच्या. म्हणून वारसनोंदी आणि फेरफार आत्ता पूर्ण करून घ्या, जमलं तर वाटप करून घ्या, आणि मृत्युपत्र करून रजिस्टर करा.

सिटिझनशिपची घाई नाही हे त्यालाही सांगा. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिलं तरी पुरतं. सिटिझनशिपला मागच्या पाच वर्षांतले १०९५ दिवस प्रत्यक्ष तिथं राहिलेले लागतात, त्यात पीआरच्या आधीचे स्टडी आणि वर्क परमिटचे दिवस अर्धे धरतात, तेही जास्तीत जास्त ३६५. गणपतीला, शिमग्याला, आजीच्या दिवसकार्याला आला ते दिवस यातून वजा होतात, त्यामुळे पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून मोजायला सांगा आणि थोडे दिवस जास्तीचे हाताशी असू देत. मग २० प्रश्नांची परीक्षा असते, १५ बरोबर यावे लागतात, आणि शेवटी शपथ. शपथेच्या आदल्या दिवसापर्यंत तो भारतीय. शपथ घेतली की आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं नागरिकत्व गेलं. कॅनडाला दोन नागरिकत्वं चालतात पण आपल्याला चालत नाहीत, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा आणि ओसीआय काढायचं. ओसीआयवर कितीही वेळा या, कितीही राहा, पण मतदान नाही, अगदी ग्रामपंचायतीचंसुद्धा नाही. माझं स्पष्ट मत, आधी इथले कागद नीट करा आणि मग त्याने शपथ घ्यावी, वर्षभर उशीर झाला तर त्याचं तिकडे काही बिघडत नाही.

प्रश्न (वेंगुर्ला): माझे आजोबा गोव्यात पेडण्याला जन्मले, पोर्तुगीज होते तेव्हा. नंतर इकडे येऊन राहिले. एक एजंट म्हणतो पोर्तुगालचा पासपोर्ट होतो आणि मग थेट लंडनला जाता येईल. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खोटं आहे त्यासाठीच तो पैसे मागतोय. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोवा, दमण, दीवमधे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला नागरिक मानतं आणि पुढच्या पिढ्यांनाही तो रस्ता आहे, हे बरोबर. नोंद लिस्बनला होते आणि एकेक पायरीने होते, आधी आजोबांची, मग वडिलांची, मग तुमची. आजोबांची जन्मनोंद पेडण्याच्या रजिस्ट्रारकडे सापडली पाहिजे, ती नसेल तर पुढचं सगळं बोलणं फुकट. आजोबांचा जन्म वेंगुर्ल्याचा आणि ते गोव्यात नोकरीला होते, असं असेल तर उपयोग नाही.

नोंद सापडली तरी नाव बघा. तेव्हाच्या नोंदीत स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीचं, शंकरचा श एक्सने लिहिलेला, परबचं पोरोब झालेलं, आणि इकडे शाळेच्या दाखल्यावर वेगळंच. ही दोन्ही माणसं एकच आहेत हे तुम्हाला कागदाने सिद्ध करावं लागतं आणि त्यातच वर्षं जातात.

आणि लंडनचं विसरा. पूर्वी गोव्याचे कितीतरी लोक या पासपोर्टवर इंग्लंडला गेले, स्विंडनला तर मोठी वस्ती आहे, पण ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, ३१ डिसेंबर २०२०ला ती वाट बंद झाली, आता पोर्तुगीज पासपोर्टवालासुद्धा नोकरीसाठी व्हिसा काढून जातो. युरोपियन युनियनच्या २७ देशांत मात्र राहता येतं, काम करता येतं. तिथं जायचं, तिथली भाषा शिकायची तयारी असेल तर जरूर विचार करा. पण तो पासपोर्ट हातात आला की त्या दिवसापासून तुम्ही भारताच्या लेखी परदेशी, मग तुम्ही वेंगुर्ल्यातच राहत असलात तरी. भारतीय पासपोर्ट, मतदार यादीतलं नाव, सरकारी नोकरीची संधी सगळं जातं, आणि दोन्ही पासपोर्ट गुपचूप ठेवणं हा गुन्हा आहे. एजंट हे बोलला नसणार.

प्रश्न (खेड): बहीण आणि भावोजी कुवेतला पंधरा वर्षं आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना तिथंच मुलगा झाला. बाळाला तिथलं नागरिकत्व मिळेल का?

उत्तर: नाही मिळणार ताई. कुवेतमधे जन्मलं म्हणून मूल कुवेती होत नाही, आणि पंधरा काय तीस वर्षं राहिलं तरी भावोजींचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, नोकरीवरच, नोकरी गेली की तोही गेला. दुबईचा १० वर्षांचा गोल्डन व्हिसा म्हणतात तोही राहण्याचाच परवाना आहे. बाळ भारतीय आहे, पण परदेशात जन्म झाला असेल तर एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद करावी लागते, वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ते फार लांबतं. तिथला जन्मदाखला आणि दोघांचे पासपोर्ट घेऊन त्यांना या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्यायला सांगा, नोंद झाली की लगेच पासपोर्ट, आणि त्यावर बाळाचा इकामा. जन्मदाखल्यावर आईबाबांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते नोंदीआधी बघून घ्यायला सांगा.