पुरात मातीचं घर पडलं. आता लाकूड-बांबूचं बांधलं तर गोव्याच्या पावसात टिकेल का?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कंत्राटदार जुने वासे-खांब उचलून जागा फुकट साफ करून द्यायला तयार आहे. आधी त्याला थांबवा. टिकण्याचं मग बोलू.

आमचं घर २३ जुलै २०२१ला गेलं. सत्तरीत, म्हादईच्या काठाला. त्या दिवशी सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा, धारबांदोडा, जिथे तिथे पाणीच होतं. १९८२नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर, असं मुख्यमंत्रीच म्हणाले होते. पाणी ओसरलं की घरात गुडघाभर चिखल असतो आणि डोकं चालत नाही. नेमके तेव्हाच हे ‘साफ करून देणारे’ येतात. आमच्याकडचा मत्तीचे (ऐनाचे) चार खांब आणि फणसाची अख्खी पाटई, म्हणजे वासे टेकतात ती आडवी तुळई, घेऊन गेला, आणि आम्ही वर त्याला चहा पाजला. पुढे तसलं लाकूड विकत घ्यायला गेलो तेव्हा दर ऐकून दुकानाच्या पायरीवरच बसलो.

तुमचं घर लाकडामुळे पडलं नाही, हे आधी पाहा. मातीच्या भिंतीचा पायथा भिजला की ती खाली बसते. आपल्याकडे बहुतेक जुन्या घरांत पाटई थेट भिंतीवर टेकवलेली असते, म्हणून भिंत बसली की छप्परही तिच्याबरोबर येतं. ज्या घरांत छप्पर खांबांवर होतं आणि भिंत नुसता आडोसा होती, तिथे भिंती वाहून गेल्या तरी कौलं जागेवर राहिलेली मी आमच्याच वाड्यावर पाहिली. नवीन घरात मुख्य बदल हाच करा. छपराचा भार खांबांनी घ्यायचा, भिंतीने नाही.

टिकण्याबद्दल. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, सत्तरीत त्याहून जास्त. तरी पावसात भिजून लगेच वाळणारं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. ओलं राहून कधीच न वाळणारं कुजतं. म्हणून खांब जमिनीत पुरायचा नाही, कितीही मजबूत वाटला तरी. जमिनीला लागतो तिथेच तो आधी कुजतो आणि वाळवीलाही तिथूनच वाट मिळते. गेल्या पुराची खूण भिंतीवर असेल तर जोतं तिच्या हातभर वर घ्या. तेवढं परवडत नसेल तर निदान प्रत्येक खांबाखाली चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा पाया दीड-दोन फूट वर काढा, त्यात लोखंडी पट्टी बसवा आणि खांब तिला बोल्टने धरा. खांबाचं बूड आणि पाया यांच्यात बोटभर फट हवी. पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडायला हव्यात. पत्र्यावाले दीड फुटावर थांबतात. त्यांचं ऐकू नका.

बांबूसाठी आपला मानगा घ्या. गोव्यात आणि सिंधुदुर्गात तो घराघरामागे असतो, काटे नाहीत, आतून जवळजवळ भरीव, त्यामुळे बोल्ट आवळला तरी चेपत नाही. तीन वर्षांपेक्षा कोवळा तोडू नका, आणि तोडणी पाऊस संपल्यावर. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो, भुंगा त्याच्यासाठीच येतो, आणि मग वर्षभरात खाली पांढरी पावडर पडायला लागते. आमचे मेस्त, म्हणजे सुतार, अमावास्येच्या आसपासच तोडायचे. त्यात किती तथ्य आहे यावर मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण त्यांचे बांबू टिकायचे.

तोडल्यावर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर पाण्यात विरघळवून, दोन्ही मिळून पाच-सहा टक्के, त्यात बांबू आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचे. हौद नसेल तर खड्डा खणून जाड ताडपत्री अंथरा. आधी लांब सळईने आतल्या गाठी फोडून घ्या, नाहीतर पाणी आत जात नाही आणि नुसती साल धुऊन निघते. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा ओहोळात ओतू नका. आणि हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराच्या आतच वापरायचा. बाहेर उघड्यावर बांबूचा खांब लावून ‘औषध मारलंय’ म्हणणारा एक तर भोळा आहे किंवा विकणारा आहे. जोडणी खिळ्याने करू नका, बांबू उभा फाटतो. ड्रिलने भोक पाडून, गाठीच्या जवळ बोल्ट. कुडाळला कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे. पेडण्याकडून लांब नाही, एकदा जाऊन या.

वाऱ्याचं विसरू नका. तौक्ते वादळात, मे २०२१मध्ये, किनाऱ्याकडे पत्रे कागदासारखे उडाले होते. वासा पाटईला, पाटई खांबाला, खांब पायाला, अशी पट्टी-बोल्टची साखळी कुठेही तुटू देऊ नका, आणि कोपऱ्यांत तिरपे टेकू द्या. हलकं घर पाण्यात उचललंही जातं. तुमच्याकडे छातीभर पाणी वेगाने वाहत येत असेल तर मी म्हणेन, तिथे काहीच बांधू नका, वरची जागा शोधा.

भिंत कुडाची करा. बांबूच्या कामट्या किंवा कारवी विणायची आणि त्यावर माती लिंपायची. पूर आला तर माती धुऊन जाईल, सांगाडा राहील, आणि घरातली चार माणसं दोन दिवसांत परत लिंपतील. खालच्या तीन फुटांत मातीत चुना मिसळा. सिमेंटचा गिलावा मातीवर अजिबात नको. आतली ओल अडकते आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडेच्या पोपडे सुटतात. बांबू, माती आणि चुना एवढ्यावरच यास्मिन लारी या वास्तुविशारद बाईंनी पाकिस्तानात सिंधमधल्या पूरग्रस्तांसाठी हजारो घरं उभी केली, तीही लोकांच्या हातून. म्हणजे हे गरिबाचं तात्पुरतं काम आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

तुम्ही शिगेरू बान या जपानी वास्तुविशारदांच्या कागदी नळ्यांच्या घरांबद्दलही विचारलंय. भूजच्या २००१च्या भूकंपानंतर त्यांनी ती तिथे केली होती. कच्छच्या कोरड्या हवेत ठीक, आपल्या जुलैत मी कागदाच्या भिंतीमागे झोपणार नाही. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: त्यांनी पाया पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यातूनच भरला होता. तुमच्या अंगणात पडलेले चिरे आणि फुटकी कौलं तशीच जोत्याच्या भरणीला वापरा.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण इथे लोक फसतात. तलाठी पंचनामा करतो तेव्हा ‘झोपडी’ लिहितोय की ‘घर’, हे उभं राहून वाचा. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरलेल्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला, कच्चं असलं तरी, १ लाख २० हजार रुपये होते आणि झोपडीला ८ हजार. घर नंबर आणि घरपट्टीची पावती हातात ठेवा. जागा भाटकाराची (जमीनमालकाची) असेल तर काम सुरू करण्याआधी मामलेदार कचेरीत जाऊन या. बांबूला २०१७पासून केंद्राच्या वन कायद्यात झाड धरत नाहीत. माड मात्र गोव्यात आधी झाडांच्या यादीतून काढला आणि नंतर परत घातला, त्यामुळे अंगणातला माड वाशांसाठी तोडायचा तर परवानगी लागतेच.

आता या आठवड्यात काय करायचं ते. पडलेलं लाकूड चिखलातून काढून धुवा, खाली विटा आणि मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा, उन्हात टाकू नका, तडकतं. हातोडीने ठोकून पाहा: खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तेवढाच भाग कापून टाका. आठ फुटांच्या खांबातला दीड फूट गेला तरी साडेसहा फूट उरतो, आणि तेवढी उंची खालच्या पायाने भरून निघते.

मीही एक चूक केली. मागच्या पडवीचा एक खांब, घाईत, थेट सिमेंटमध्ये बसवला. तिसऱ्या पावसाळ्यात तो बुडाशी मऊ झाला. मेस्तांनी जॅक लावून पाटई पेलली, खांब वीतभर कापला, खाली चिरा घातला आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी गेले.