जुन्या डिझेल ट्रकचं हेड: घ्यायचं कोणतं, तपासायचं कसं?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. जुन्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं ओतीव झाकण, गेलंय, आता काय बसवायचं? एक गोष्ट सगळ्यांनाच सांगतो. चांगलं हेड आपणहून जात नाही. ते कशामुळे गेलं हे सापडेपर्यंत नव्या हेडचे पैसे मोजू नका.

माझ्या दहाचाकीला टाटा-कमिन्सचं १२ व्हॉल्व्हचं (झडपांचं) जुनं सहा सिलिंडर इंजिन आहे. हेडला क्रॅक आहे. पार्टवाल्याने तीन पर्याय दाखवले: कंपनीचं कोरं, बिननावाचं कोरं आणि जुनं रिकंडिशन केलेलं. कोणतं घेऊ? (कळंबोली)

गाडी अजून तीन-चार वर्षं लोखंडाच्या पूर्ण लोडवर खंडाळ्याचा घाट चढणार असेल तर कंपनीचंच घ्या. वर्षभरात विकायची असेल तर तपासून घेतलेलं रिकंडिशन पुरेल. बिननावाचं कोरं मात्र मी कुणालाच सुचवत नाही. ते बाहेरून चकचकीत असतं, पण हेडची खरी परीक्षा आतल्या पाण्याच्या वाटांत होते. ओतकाम करताना आत वाळूचा गाभा ठेवतात. ती वाळू नीट निघाली नाही, किंवा एखादी भिंत पातळ राहिली, तर त्या सिलिंडरभोवती पाणी फिरत नाही आणि तिथेच पुन्हा क्रॅक जातो. याउलट कंपनीचं जुनं ओतकाम वर्षानुवर्षं तापून-गार होऊन टिकलेलं असतं. आज ते तपासणीत पास झालं, तर अनोळखी कोऱ्यापेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.

मात्र 'टाटाचं सहा सिलिंडरचं हेड द्या' एवढंच सांगून दुकानातून माल उचलू नका. टाटाच्या ६९७ इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १२८ मिमी, तुमच्या ५.९ लिटरच्या कमिन्सचा बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी. एकाचं हेड दुसऱ्यावर बसतच नाही, त्यामुळे ही चूक निदान लगेच कळते. फसगत होते ती एकाच नावाच्या इंजिनांत. १२ व्हॉल्व्ह आणि २४ व्हॉल्व्ह हा फरक तर आहेच, पण १२ व्हॉल्व्हमध्येही वेगवेगळ्या वर्षांच्या हेडना नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) भोकाचं माप वेगळं असू शकतं. हेडवर उठावाने ओतलेला आकडा हा ओतकामाचा नंबर असतो. तेच ओतकाम पुढे वेगवेगळ्या मापांत मशिन होतं, म्हणून पार्ट नंबर वेगळा पडतो. दोन्ही जुळायला हवेत. जुनं हेड टेम्पोत टाकून दुकानात न्या, तुमचं नोझल नव्या भोकात घालून बघा आणि गॅस्केट (हेड आणि त्याखालचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, यांच्यामधली पातळ सील) दोन्ही हेडवर ठेवून पाण्याची भोकं जुळवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

माझा पाण्याचा टँकर घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना पाणी देतो. सहा महिन्यांत दोनदा हेड गॅस्केट उडालं. दोन्ही वेळा हेड फेस करून (मशिनवर घासून सपाट करून) घेतलं. आता मेकॅनिक म्हणतो, हेडच बदला. (ठाणे)

थांबा. सहा महिन्यांत दोनदा गॅस्केट जातं तेव्हा माझा पहिला संशय हेडवर नसतो. दोन्ही वेळा हेड फेस झालं, पण ब्लॉकचा वरचा फेस कुणी मोजला का? हेड काढलेलं असताना ब्लॉक स्वच्छ करून त्यावर सरळपट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवा आणि खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. इंजिनाला लायनर (सिलिंडरमधल्या बदलता येणाऱ्या नळ्या) असतील तर ते ब्लॉकच्या वर किती येतात तेही मोजा. एक लायनर खाली बसला असेल तर कितीही कोरं हेड लावा, त्या सिलिंडरपाशी गॅस्केट उडणारच.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. 'काढून टाका, गाडी थंड राहील' असं सर्रास सांगतात, आणि ते चूक आहे. थर्मोस्टॅट काढला की काही इंजिनांत पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात येतो. एरवी इंजिन कायम गार राहतं आणि लोडवर एकदम तापतं. ही गार-गरमची ओढाताण गॅस्केटला मारते.

तिसरी गोष्ट तुमच्या धंद्याशीच जोडलेली आहे. रेडिएटरमध्ये कमी पडलेलं पाणी टँकरमधूनच भरता का? ते बोअरवेलचं असेल तर त्यातले क्षार हेडच्या आत थर धरतात आणि तेवढ्या भागातून उष्णता बाहेर जात नाही. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी निम्मंनिम्मं भरा. रेडिएटर काढून रॉडिंग (सळईने नळ्या साफ करणं) करून घ्या, वॉटर पंप आणि फॅन बेल्ट बघा. एवढं सगळं ठीक निघालं आणि तरीही हेडची जाडी मर्यादेखाली असेल, तेव्हाच बदला. आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा: सगळं पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो, त्यामुळे काटा खाली दिसू शकतो. काटा खाली म्हणजे इंजिन थंड, असं धरून चालू नये.

हेड किती वेळा फेस करता येतं? (तुर्भे)

किती वेळा ते महत्त्वाचं नाही, एकूण किती मिमी गेलं ते मोजा. मॅन्युअलमध्ये हेडची किमान जाडी दिलेली असते, तिच्याखाली गेलं की ते हेड संपलं. या इंजिनांत पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत जेमतेम एखादा मिलिमीटर जागा उरते. फेसिंगने व्हॉल्व्ह आणि नोझलचं टोक तेवढंच पिस्टनच्या जवळ येतं. म्हणून फेसिंगनंतर व्हॉल्व्ह फेसच्या आत किती आहेत ते डेप्थ गेजने बघून मगच हेड बसवा.

मिस्टरांच्या आजारपणामुळे दोन ट्रकचं काम मीच बघते. मशिनशॉपवाले म्हणतात, दोन व्हॉल्व्हच्या मधला क्रॅक वेल्डिंगने भरून देतो, हेड नव्यासारखं होईल. विश्वास ठेवू का? (तळोजा)

ताई, हे हेड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असतं. बीड नीट, सगळीकडून सारखं तापवून वेल्ड केलं आणि हळूहळू थंड केलं तर टिकतं. गार हेडवर टाका मारला तर टाक्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि पुढचा क्रॅक तिथूनच जातो. म्हणून आधी विचारा, 'तापवायची भट्टी आहे का?' नसेल तर हेड उचलून आणा.

भट्टी असेल तरी पैसे प्रेशर टेस्ट समोर बघितल्यावरच द्या. पाण्याची सगळी भोकं रबर आणि पट्ट्यांनी बंद करतात, आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. पाणी गरमच हवं, कारण काही क्रॅक लोखंड तापल्यावरच उघडतात. पाच-दहा मिनिटं टाकीजवळ उभ्या राहा. सुरुवातीला अडकलेली हवा सुटते, ते बुडबुडे सोडून द्या. नंतरही एक्झॉस्ट आणि इनलेट सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांच्या) मधल्या चिंचोळ्या जागेतून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची बारीक माळ एकसारखी वर येत राहिली, तर ते हेड घेऊ नका. 'एवढं चालतं' असं कुणी म्हणालं तरी नाही. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर हेडचा नंबर आणि 'प्रेशर टेस्ट केली' असं लिहून घ्या. मालक बाई आहे म्हणून कुणी गडबड करत असेल तर या बिलापुढे त्याचं काही चालत नाही.

हेडचे जुने बोल्ट परत वापरले तर चालतील का? (भिवंडी)

लांबी मॅन्युअलच्या मापात असेल, आटे साफ असतील आणि मान बारीक झालेली नसेल तर चालतील. पहिल्या प्रश्नातल्या कमिन्सला असे २६ बोल्ट असतात, प्रत्येक मोजायचा. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेने उडवा, नाहीतर टॉर्क पाना (किती जोराने कसलं ते दाखवणारा पाना) खोटा आकडा दाखवेल. कसायला मधून सुरू करून बाहेर जा, टप्प्याटप्प्याने. नोझलखाली एकच नवा तांब्याचा वायसर टाका. जुना आतच चिकटलेला असतो, तो आधी काढा. त्या कमिन्सचं टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) इंजिन गार असताना इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी ठेवा.