पोथी उघडायची कशी, ताडायची कशी?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या सापडल्या. एक ज्ञानेश्वरी आहे. छापील प्रत घरात आहे, मोबाईलवरही आहे. मग हस्तलिखिताचा अभ्यास कशाला? वडील म्हणतात, जुन्या माणसांची चिकाटी आता कुणात उरली नाही. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : वडिलांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ चोख, पण पाठांतरांमुळे, म्हणजे प्रतीप्रतींतल्या वेगवेगळ्या शब्दांमुळे, अशुद्धं शिरली, हे त्यांनीच नोंदवलं. यात कुणी स्वतःची ओवी घातली, तर ती अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठरेल, असंही बजावलं. त्या काळी ग्रंथ हवा तर नक्कल करावी लागे, त्यामुळे अक्षर न् अक्षर हाताखालून जाई. ती सवय आपण गमावली, हे मान्य.

पण त्या काळाचे नुसतेच गोडवे गाऊ नयेत. ग्रंथ मोजक्या घरांत असत आणि बहुसंख्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे मराठवाड्यात निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू झाली. १९१८ सालचं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आलं, आणि ज्यांच्या घरात कधी पोथी नव्हती अशी मुलं संशोधनाला बसली. हे मिळालेलं फार मोठं आहे. आता त्याला जुन्या नकलकाराची बारकाई जोडायची आहे.

सुरुवात हातापासून करा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ हे पिवळं खनिज लावत, त्यात सोमल हे विष असतं. पानावर पिवळा पट्टा दिसला की तो हरताळच समजा. हात कोरडे, स्वच्छ ठेवा आणि पान दोन्ही हातांनी उचला. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. ऊन दाखवू नका. बांधायला धुऊन खळ काढलेलं सुती कापड घ्या, कारण खळीला कीड लागते. वरखाली लाकडी फळी असली तर पानं वाकत नाहीत.

मग फोटो घ्या. फ्लॅश नको, खिडकीचा तिरपा उजेड पुरतो. पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूला समासात असतो, म्हणून फाईलला ‘१अ’ (पुढची बाजू), ‘१ब’ (मागची) अशी नावं द्या. पहिल्या पानाची पुढची बाजू अनेकदा कोरीच असते, ती सोडली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

शेवटच्या पानावर लेखनकाल सापडतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष ते फाल्गुनातल्या तिथीला बहुधा ७९. संवत्सराचं नावही पडताळा : शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी तो संवत्सराचा क्रमांक. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारण. एकनाथांनीही तारणच लिहिलाय. इथेच नवखे फसतात : नकलकार जुन्या प्रतीतला शकसुद्धा उतरवून घेत. तुमच्या पोथीत १५०६ असला म्हणून ती १५८४ ची ठरत नाही. खाली नकलकाराचं वेगळं नाव-गाव-तिथी आहे का, ते शोधा.

आता ताडणी, म्हणजे पोथी छापील प्रतीशी ओळीनं ओळ पडताळणं. एकच अध्याय घ्या, बारावा बरा, लहान आहे. वहीत छापील ओवी लिहून खाली दोन ओळी मोकळ्या सोडा आणि पोथीतला फरक जसाच्या तसा उतरवा. शुद्धलेखन सुधारू नका, नाहीतर पुरावाच पुसला जाईल. घ-ध, प-ष, म-भ, थ-य यांची अदलाबदल वारंवार दिसेल. दोन चरणांचा शेवट सारखा असला की नकलकाराची नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधला चरण गळतो. समासातली टीप पुढच्या नकलेत मजकुरात शिरते. आणि पाच प्रतींत एक पाठ आहे म्हणून तो खरा मानू नका. पाचही एकाच प्रतीवरून उतरलेल्या असतील, तर ती साक्ष एकच.

प्रश्न : त्याच पेटीत मोडीतले कागद आहेत, वर ‘फसली’ साल आहे. ते कसं वाचावं?

उत्तर : मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणून मायन्यापासून सुरू करा, तो ठरावीक असतो. त्यातली ओळखलेली अक्षरं बाजूला काढून तुमच्या कागदाचा तक्ता बनवा, कारण प्रत्येकाचं वळण वेगळं. फसली म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं साल. इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवा, त्या फसली वर्षातल्या जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१.