नेवाशाच्या वह्यांची पेटी : रद्दीत घालण्याआधी

तुमचे आजोबा १९५४ ते ५६ या काळात नेवाशाच्या उत्खननात नकाशे काढत होते. पत्र्याच्या पेटीत त्यांच्या वह्या, ग्राफचे कागद, निगेटिव्ह आणि पत्रं आहेत. अहवाल छापून झालाय, मग हे ठेवायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय.

ठेवायचं, कारण एकदा खणलेला मातीचा थर परत खणता येत नाही. नेवाशाचं उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया लंडनला शिकताना ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ व्हीलर यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्यावर खणून आले होते. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि पुढे लांघणज, कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नाशिक-जोर्वे, नेवासे, नावडातोली, इनामगाव अशी उत्खननांची रांगच लागली. मूळचा मुंबईचा गुजराती माणूस, पण दख्खनचा इतिहासपूर्व काळ उलगडण्यात आयुष्य गेलं. नेवाशाचा अहवाल १९६० मध्ये आला. इनामगावचं काम १९६८ मध्ये सुरू झालं आणि अहवाल निघाला १९८८ मध्ये, सांकळिया जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. मधल्या वीस वर्षांत पहिल्या हंगामातलं काय आठवणार? जे वहीत उतरलं तेच टिकलं. शिवाय अहवालात निष्कर्ष येतो, वहीत शंकाही असते : 'हा खड्डा वरच्या थरातून खाली आलेला असावा, उद्या पुन्हा पाहणे.' असली ओळ छापील पानावर सहसा पोचत नाही.

थराची नोंद नसली की काय होतं ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला पाहा. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या. उत्खननातून निघाल्या असत्या तर थरावरून काळ सांगता आला असता. तसं झालं नाही, त्यामुळे त्या किती जुन्या यावर अभ्यासकांत मतभेद झाले. पुढे त्याच गावी रीतसर मोठं उत्खनन झालं, पण त्या चार वस्तू नेमक्या कुठल्या मातीत होत्या हे त्यातून कसं कळणार?

आता पेटीकडे वळू. आधी कशाचाही क्रम लावत बसू नका. आहे त्या क्रमाने वरून खाली फोटो काढा. कुठलं पत्र कुठल्या वहीत खोचलंय हीसुद्धा माहितीच असते. गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड अलगद काढा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती फिल्म खराब व्हायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि तिचं स्कॅनिंग आधी करून घ्या. डब्यात खापरं किंवा नाणी निघाली तर धुऊ नका, वाटूही नका. त्यांच्यासोबतची चिठ्ठी तशीच राहू द्या आणि डेक्कन कॉलेजला कळवा. पुरावशेषांसाठी १९७२ चा कायदा आहे, 'आमच्या घरात सापडलं' एवढं सांगून भागत नाही.

मजुरांच्या हजेरीची वही असेल तर ती मला सगळ्यात मोलाची वाटते. हे माझं मत आहे, नकाशेवाले रागावतील. पण अहवालात विद्वानांची नावं असतात. कुदळ कोणाच्या हातात होती ते हजेरीतच कळतं.

कागद एखाद्या संस्थेला देताना पहिली विचारणा डेक्कन कॉलेजातच करा, काम तिथलंच होतं. यादीच्या दोन प्रती करा आणि एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. मी एकदा एका संस्थेला तीन वह्या नुसत्या विश्वासावर दिल्या. दोन वर्षांनी गेलो तर त्या आल्याचंच कुणाला माहीत नव्हतं. घरगुती पत्रं नको वाटत असतील तर फाडू नका. 'अमुक वर्षांपर्यंत उघडू नयेत' अशी अट लेखी घालता येते.

आजी अजून आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग स्कॅनिंग, यादी, संस्था सगळं पुढच्या महिन्यात करा. या रविवारी उत्खननाचे जे छापील फोटो असतील ते घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि कोण कोण आहे ते विचारून फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा.