गुणपत्रक पेनने भरा

शाळा जूनमध्ये सुरू होतात, पण शिक्षक शोधण्याची धावपळ मार्चपासूनच लागते. त्यामुळे या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच सुराची आहेत: ओळख, वशिला, चिठ्ठी, ‘आपला माणूस’. त्यातली चार घेते.

प्रश्न : मी बी.एड. आहे, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे. वाकडच्या एका इंग्रजी शाळेने डेमोला बोलावलं. वीस मिनिटांचा पाठ तयार करून गेले, तर चौथ्या मिनिटाला ‘थँक यू, कळवतो’ म्हणाले. बाहेर शिपाईकाका हळूच म्हणाले, ‘ताई, ती जागा कधीच भरलीय.’ दाद कुठे मागू? (हडपसर)

हडपसरहून वाकडला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला असणार. राग समजतो. पण शाळा स्वयंअर्थसहाय्यित असेल, तर दाद मागायला जागा जवळजवळ नाही. तिथे शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल नाही, आरक्षणाची बिंदुनामावली नाही, आणि माहिती अधिकारातूनही थेट फारसं हाती लागत नाही. शाळा अनुदानित असती तर गोष्ट वेगळी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मुलाखतीचं गुणपत्रक आणि निवड समितीचं इतिवृत्त मागता आलं असतं, आणि तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग होतं.

एक शक्यता मात्र ध्यानात ठेवा. ‘जागा भरलीय’ म्हणजे दर वेळी वशिलाच असतो असं नाही. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी कुणीतरी वर्षभर तासिकेवर काम केलेलं असतं, शाळेने तिचं काम पाहिलेलं असतं आणि तिलाच ठेवायचं ठरलेलं असतं. ते चूक नाही. चूक आहे ती तरीही जाहिरात देऊन दहा जणींना उन्हातून बोलावण्याची. पुढच्या वेळी फोन आला की सरळ विचारा : जागा नवी आहे की आधीचं कुणी तिथे शिकवतंय? डेमो कोणत्या इयत्तेसमोर आहे? गडबडलेलं उत्तर आलं, तर पीएमपी बसचं तिकीट वाचवा.

प्रश्न : एका संस्थेत मुलाला शिक्षक म्हणून लावतो असं सांगतात. अठरा लाख ‘डोनेशन’ मागतात. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे, टेट (ही टीईटीहून वेगळी, भरतीची चाचणी) दिलेली नाही. ‘२०१६ पासून आमच्याकडेच आहे असं दाखवू, मान्यता आम्ही आणतो,’ म्हणतात. अर्धा एकर विकावं का? (इंदापूर तालुका)

विकू नका.

आता कारणं, कारण नुसतं ‘नको’ म्हणून तुमच्या घरातला वाद मिटणार नाही. अनुदानित शाळेतली जागा ही संस्थेच्या खिशातली वस्तू नसते. आधी संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून सरकार ठरवतं त्या पदांच्या यादीत, ते पद मंजूर असावं लागतं, मग बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, मग पवित्र पोर्टलवर जाहिरात. उमेदवाराचे टेटचे, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे, गुण त्यासाठी लागतात. पुढे शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शेवटी शालार्थ या सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक. हा क्रमांक पडल्याशिवाय पगार निघत नाही. यातली एक पायरी जरी खोटी असली, तरी वरचा सगळा जिना कच्चा.

२०१६ हेच साल का, तेही सांगते. पवित्रची पद्धत २०१७ मध्ये आली. नेमणूक त्याआधीची दाखवली की टेट टळते. पण मुलाचं वय मोजा. २०१६ साली तो अठरा-एकोणीसचा, बहुधा बी.ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला! त्याच साली तो दुसऱ्या गावात वर्गावर उभा राहून हजेरी घेत होता, असं कागदावर येणार. महाविद्यालयाचं हजेरीपत्रक आणि शाळेचं हजेरीपत्रक कुणी शेजारी शेजारी ठेवलं की संपलं. आणि तिथे सही तुमच्या मुलाची असेल, संस्थाचालकाची नव्हे.

हे कुणी उकरून काढत नाही, असंही तुम्हाला सांगितलं असेल. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ क्रमांकांचं प्रकरण उघड झालं आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांपर्यंत अटका झाल्या. त्याआधीचं तर आपल्या पुण्यातलंच. टीईटीच्या गुणांत फेरफार केल्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच उचललं, आणि पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवार त्यात अडकले. त्यातल्या कितीतरी घरांनी पैसे मोजले असतील. परत मागायला जाणार कुठे? पावती असते का अशा पैशाची?

आणखी एक हिशेब. नोकरी खरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला महिना अठरा हजार मानधन, म्हणजे तीन वर्षांचे मिळून ६ लाख ४८ हजार. तुम्ही देणार अठरा लाख.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवावं लागतं. तुम्ही अजून काही दिलेलं नाही, तेव्हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आताच फिरवता येईल. फिरवायचा नसेल, तर निदान मुलाला पुढच्या टेटच्या तयारीला बसवा.

प्रश्न : मी एका विनाअनुदानित शाळेची मुख्याध्यापिका. गणिताच्या जागेसाठी आलेल्या सात अर्जांत एक विश्वस्तांच्या भाचीचा आहे. मुलगी हुशार आहे म्हणतात. तिला घेतलं तर बोलणार, नाही घेतलं तरी बोलणार. (सदाशिव पेठ)

बोलणारच. पेठेत राहून ती चिंता काय करायची!

भाचीला अर्ज करू द्या. मामा विश्वस्त आहेत हा तिचा गुन्हा नाही. पण मामांनी निवडीच्या दिवशी खोलीत बसायचं नाही, चहालाही नाही, आणि ते का बसले नाहीत हे इतिवृत्तात एका ओळीत लिहायचं. सातही जणांना एकच घटक द्या, तयारीला अर्धा तास द्या आणि पाठ खऱ्या सहावीच्या वर्गावर घ्यायला लावा. चार शिक्षिका आपणच विद्यार्थी असल्याचं नाटक करत बाकावर बसतात, तो डेमो नव्हे. आणि गुण आपसांत बोलण्याआधी भरा. पेनने.

पेनचा आग्रह का, ते सांगते. मी ज्या शाळेत होते तिथे गुणपत्रक पेन्सिलने भरायची पद्धत होती. बेरीज झाली की खोडरबर फिरायचा. एका वर्षी एका उमेदवाराने अपूर्णांक शिकवताना वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची घडी, आणि मुलांकडून अर्धा, पाव वदवून घेतलं. मागच्या बाकावरची मुलं उभी राहून बघत होती. दुसरी माझ्या सहकारी बाईंची मुलगी. तिने फळ्यावर व्याख्या लिहून दिली. तिच्या सहाचे आठ मी केले. माझ्या हाताने, माझ्या खोडरबरने. मुलगी वाईट शिक्षिका निघाली नाही, पण पुढची कितीतरी वर्षं सहावीच्या वर्गावरून जाताना मला तो घडी घातलेला कागद आठवायचा.

प्रश्न : काकांनी शब्द टाकला म्हणून कोथरूडच्या एका खासगी प्राथमिक शाळेत लागलो. स्टाफरूममध्ये ‘काकांचा माणूस’ म्हणतात. राजीनामा द्यावा का? टीईटी अजून व्हायची आहे. (कर्वेनगर)

राजीनामा कशाला? १८८० साली याच पुण्यात चिपळूणकर, टिळक आणि नामजोशींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि पुढच्या वर्षी आगरकर आले. टिळक-आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र. त्यांच्यासाठी कुणी जाहिरात दिली नव्हती. पण त्याच मित्रांत पुढे संस्थेच्या नियमांवरून कडाक्याचे वाद झाले आणि १८९० मध्ये टिळक ही शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. ओळखीने आलात म्हणून ओळखीपुढे मान तुकवलीच पाहिजे असं नाही.

माझी काळजी वेगळी आहे. ‘अजून व्हायची आहे’ हे तुम्ही फार सहज लिहिलंत. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी लागतेच, शाळा खासगी असली तरी. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर पंधरा-वीस वर्षं शिकवत असलेल्यांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिली आहेत, ते सुटले. दीडशे गुणांचा पेपर, खुल्या प्रवर्गाला नव्वद लागतात. स्टाफरूममधल्या एखाद्या ज्येष्ठ बाईही सध्या बालमानसशास्त्राचं पुस्तक घेऊन बसत असतील. शेजारी खुर्ची ओढा आणि विचारा, एकत्र करू या का.