चाकोरीबाहेर जगल्याने आयुष्याला अर्थ सापडतो का?

'घरचे याला पळपुटेपणा म्हणतात' असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसले. एरवी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही.

हाच शब्द मला थोरल्या भावाने ऐकवला होता. माझं वय ४९, सरकारी कचेरीत बिलं तपासायचं काम, आणि मी पाच महिन्यांची बिनपगारी रजा टाकून पायी नर्मदा परिक्रमेला निघाले. भाविक म्हणाल, तर घरी रोज दिवासुद्धा लावत नाही. दादा म्हणाला, देवदेव करायचं तर रिटायर झाल्यावर कर, नाहीतर बसने जा, पंधरा-वीस दिवसांत होते.

ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघायचं, मैया म्हणजे नर्मदा कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही, हे ठाऊक होतं. सदावर्तात, म्हणजे परिक्रमावासीयांना फुकट जेवण देतात तिथे, शिधा कच्चाही मिळतो, हे मात्र डोक्यात शिरलं नव्हतं. आठव्या-नवव्या दिवशी निमाडातल्या एका ओट्यावर आसन लावलं. घरधन्याने विचारलं, "कितनी मूर्ती?", म्हणजे माणसं किती. एकच म्हटल्यावर पीठ, मूठभर डाळ, दोन बटाटे ठेवून गेला. मीठ विसरला. वीस वर्षं लोकांची बिलं अडवलेली मी, चिमूटभर मीठ मागायला मला अर्धा तास लागला. त्यात सरपण म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या, भसकन पेटतात नि विझतात. टिक्कड, म्हणजे जाड रोटी, बाहेरून कोळसा, आत पीठ. शेवटी दारात जाऊन उभी राहिले. म्हातारीने मीठ दिलं, टिक्कड बघून पोट धरून हसली, मग निखारे पुढे ओढून कसं भाजायचं ते दाखवलं. तेवढ्यात दादाचा फोन. "झालं का समाधान? ये आता परत." मी म्हटलं, "थांब रे, करपतंय," आणि ठेवून दिला.

पुढे शूलपाणीची झाडी म्हणजे ते जंगल, नदीच्या मुखाशी विमलेश्वरहून नावेने समुद्र, उगमाचं अमरकंटक, सगळं झालं. कुणी विचारलं की मी मिठाचंच सांगत बसते.

अर्थाचं म्हणाल तर ठाऊक नाही. संध्याकाळी पाठ कुठे टेकायची एवढाच प्रश्न असायचा आणि तो त्याच दिवशी सुटायचा. कचेरीत असं होत नाही. पळपुटा माणूस रिसॉर्टला जातो हो, परक्याच्या दारात मीठ मागायला नाही.

हां, एक राहिलं. ते पाच महिने घराचा हप्ता नवऱ्याने एकट्याने भरला, आणि आईचं आजारपण याच दादाने काढलं. मागे असं कुणी नसेल तर निघू नका. बसवाल्यांनाही मी नावं ठेवत नाही, आमच्या सासूबाईंनी बसनेच केली, गुडघे गेलेले. आणि चातुर्मासात निघायचं नसतं, देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशी होऊ द्या.

दादा येत्या जानेवारीत रिटायर होतोय. परवा आईसमोर हळूच विचारत होता, बूट कुठले घेतले होतेस. अजून सांगितलेलं नाही.